सीमेवरचे वीस गुण

वर्गीकृत सामग्रीवरून वारंवारता बहुभुज काढणे हा दहावीच्या गणितात हातचे गुण मिळवून देणारा प्रश्न समजला जातो. वर्गमध्य काढायचे, प्रत्येकावर वारंवारतेइतक्या उंचीवर बिंदू मांडायचा, बिंदू पट्टीने जोडायचे, पहिल्या वर्गाच्या आधी आणि शेवटच्या वर्गानंतर शून्य वारंवारतेचा एकेक वर्ग मानून रेषेची दोन्ही टोके आडव्या अक्षावर टेकवायची, की काम संपले. जिओजेब्रात हे सगळे एका आज्ञेत होते: वर्गसीमांची यादी द्या, वारंवारतांची यादी द्या, बहुभुज पडद्यावर हजर. मार्कुस होहेनवार्टर यांच्या साल्झबुर्ग विद्यापीठातल्या प्रबंधातून जन्मलेले हे सॉफ्टवेअर शाळांना फुकट मिळते आणि मोबाइलवरही चालते. त्यामुळे आलेखवही हवीच कशाला, असा प्रश्न निघतो आणि गणित शिकवणाऱ्यांत दोन तट पडतात. त्यांचे म्हणणे इथे दोन शिक्षकांच्या तोंडी घातले आहे. आलेखवहीची बाजू सर मांडतात, सॉफ्टवेअरची बाई. बाई वयाने मोठ्या आहेत आणि सर तरुण. वाचकाची अपेक्षा उलटी असेल, पण कागदावर प्रेम करायला म्हातारेच असावे लागते असे थोडेच आहे? माझे मत आधीच सांगून टाकतो. रेषा कोणी काढावी यावर दोघे भांडतात, आणि बहुभुजाचा आकार मात्र रेषा काढण्याच्या कितीतरी आधी ठरून गेलेला असतो.

सर : बाई, बिंदू वर्गाच्या मध्यावरच का मांडायचा, हे हाताने बहुभुज काढल्याशिवाय कळत नाही. २० ते ३० या वर्गात सात मुले आहेत एवढेच सारणी सांगते. त्या सातांपैकी कोणाला २१ आणि कोणाला २९, हे सारणी करताना आपणच पुसून टाकलेले असते. मग त्यांच्या वतीने २५ हा आकडा उभा करायचा. पेन्सिल २५ वर नेताना मुलाला निदान एकदा तरी वाटते की इथे आपण काहीतरी गृहीत धरतो आहोत. दुसरी गोष्ट क्षेत्रफळाची. आयतालेखावरून बहुभुज काढला की रेषा उंच आयताचा कोपरा कापते आणि शेजारच्या ठेंगण्या आयतावर तेवढाच त्रिकोण जोडते. वर्ग समान रुंदीचे असले आणि दोन्ही टोके शून्यावर आणली, तर बहुभुजाखालचे क्षेत्रफळ आयतालेखाइतकेच भरते. आलेखवहीत चौकटी मोजून मूल हे स्वतः पडताळू शकते. टोके शून्यावर का टेकवायची याचे उत्तरही त्यातच आहे. पडद्यावर रेषा पापणी लवायच्या आत उमटते, मग हे विचारायला सवड कुठे मिळणार?

बाई : सर, तुम्ही सांगता तो विचार सुचावा अशी आपली प्रश्नपत्रिकाच नसते. सारणी छापून दिलेली, वर्ग पाडून दिलेले, वारंवारता मोजून दिलेली. मुलाने करायचे काय, तर खालच्या आणि वरच्या मर्यादेची बेरीज करून दोनाने भागायचे. कागदावर मूल वर्गाचे नाव चौकटीखाली जसेच्या तसे उतरवते. ११–२०, २१–३० असे खंडित वर्ग आले, तरी आयत चिकटवून मोकळे होते, आणि २० ते २१ मधली जागा कुठे गेली हे विचारत नाही. जिओजेब्राला ते खपत नाही. त्याला वर्गांची नावे नकोत, सीमा हव्यात, आणि त्याही वारंवारतांपेक्षा एकने जास्त. पाच वर्ग असतील तर सहा सीमा. म्हणजे १०.५, २०.५, ३०.५ हे आकडे मुलाला स्वतः टाइप करावे लागतात. पाचच टाकले तर आलेख उमटतच नाही. वर्ग सलग करणे म्हणजे काय, हे माझ्या मते फळ्यापेक्षा या अडवणुकीतून लवकर समजते.

इथवर बाईंचे पारडे जड आहे असे मला वाटते. कागद चुकीला माफ करतो, आज्ञा करत नाही. पण सरांच्या भात्यात याहून टोकदार बाण आहे, आणि तो बाईंनी गाळलेल्या एका पायरीवर बसतो. सॉफ्टवेअरला तयार वारंवारता न देता मूळ आकडे दिले आणि मोजणीही त्याच्यावर सोपवली, तर काय होते?

सर : दहा मुलांचे गुण घ्या : १२, १५, २०, २०, २०, २४, २८, ३०, ३०, ३५. वर्ग १०–२०, २०–३०, ३०–४०. आपल्या पाठ्यपुस्तकांचा संकेत असा की वरच्या मर्यादेवरचा आकडा पुढच्या वर्गात मोजायचा. त्या हिशेबाने वारंवारता येतात २, ५, ३. शिखर २५ वर. जिओजेब्राही असेच मोजते, फक्त शेवटच्या वर्गात दोन्ही मर्यादा धरते. पायथनमधल्या नमपायची रीतही तीच. आता हेच दहा आकडे आणि हेच वर्ग आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरला द्या. न सांगता ते वरची मर्यादा त्याच वर्गात धरते. एक्सेलमधले वारंवारता मोजणारे फंक्शनही तसेच. आता वारंवारता येतात ५, ४, १. शिखर २५ वरून १५ वर सरकले आणि सबंध बहुभुज उजवीकडे उतरता झाला. मुले तीच, गुण तेच, एकही चूक नाही. एका आलेखावरून आपण म्हणू की वर्ग मध्यम आहे, दुसऱ्यावरून म्हणू की वर्ग कच्चा आहे. वीस गुणांवर बसलेल्या तीन मुलांनी आणि तीस गुणांवरच्या दोघांनी हा सगळा फरक घडवला. सॉफ्टवेअरने तुम्हाला विचारले तरी का, की या पाच जणांना कुठे बसवू?

बाई : विचारले नाही, हे कबूल. पण आपल्या पुस्तकाने तरी विचारले का? त्याने एक संकेत सांगितला आणि आपण तो निसर्गनियमासारखा पाळला. वरची मर्यादा पुढच्या वर्गात, हे गणिताने सिद्ध केलेले सत्य नव्हे. सोयीसाठी ठरवलेली रीत आहे, आणि तिच्या उलट रीतही तितकीच चोख आहे. हे मला आलेखवहीत दाखवता येत नाही, कारण वहीत एकच रीत असते. दोन सॉफ्टवेअर शेजारी ठेवली की पाच मिनिटांत दिसते. तुम्ही ज्याला सॉफ्टवेअरची खोट म्हणता, तोच माझा सर्वांत चांगला तास होईल.

बाईंचे उत्तर चतुर आहे, पण ते ज्याला आधीच शंका आली त्याच्याच उपयोगाचे. दोन सॉफ्टवेअर शेजारी ठेवायचे सुचण्यासाठी एकाने काहीतरी परस्पर ठरवले आहे हे माहीत असावे लागते. तरीही सरांच्या उदाहरणातून त्यांचा निष्कर्ष निघत नाही. त्यांना सिद्ध करायचे होते की रेषा हाताने काढावी; सिद्ध झाले ते असे की मोजणी हाताने करावी. शाळेतल्या गुणांपुरती ही बाब किरकोळ नाही. परीक्षेचे गुण पूर्णांकांत असतात, उत्तीर्णतेची रेषा ३५ वर असते, आणि गोल आकड्यांवर गर्दी करणे हा माणसाने दिलेल्या गुणांचा जुना स्वभाव आहे. उंचीसारखी मोजमापे दशांशांत घेतली तर सीमेवर नेमके बसणारे आकडे विरळा. गुणांच्या बाबतीत तेच आलेखाचे शिखर हलवतात. म्हणून विद्यार्थ्याने ताळ्याच्या खुणा स्वतः कराव्यात, पाचव्या खुणेची आडवी रेघ स्वतः मारावी, आणि सीमेवरचा आकडा कुठे टाकला ते सारणीखाली लिहावे. त्यानंतर रेषा पट्टीने काढली काय आणि जिओजेब्राने काढली काय, गणिताच्या दृष्टीने फरक नाही.

यावर कोणी म्हणेल की पाठ्यपुस्तकातली समान वर्गांची गुळगुळीत उदाहरणे घेऊन एवढी चिकित्सा कशाला? मग खरी सारणी घेऊ. भारताच्या कृषी गणनेत शेतजमिनीच्या धारणा पाच गटांत सांगतात : १ हेक्टरपेक्षा कमी ते सीमांत, १ ते २ लहान, २ ते ४ निम-मध्यम, ४ ते १० मध्यम, आणि १० हेक्टर व त्याहून अधिक ते मोठे. २०१५-१६ च्या गणनेत यांचे वाटे अनुक्रमे ६८.५, १७.६, ९.५, ३.८ आणि ०.६ टक्के होते. शेवटचा उघडा गट तूर्त बाजूला ठेवू आणि पहिले चार घेऊ.

बाई : घ्या. सीमा ०, १, २, ४, १०. उंची ६८.५, १७.६, ९.५, ३.८. आलेख आला.

सर : आला, आणि आता त्याखालचे आयत बघा. ४ ते १० हेक्टरचा आयत सहा रुंद आणि ३.८ उंच, म्हणजे क्षेत्रफळ २२.८. १ ते २ हेक्टरचा आयत एक रुंद आणि १७.६ उंच, म्हणजे १७.६. डोळ्याला मध्यम शेतकरी लहान शेतकऱ्यांपेक्षा जास्त दिसतात, आणि प्रत्यक्षात ते त्यांच्या जेमतेम एक पंचमांश आहेत. २ ते ४ चा गटसुद्धा १९ क्षेत्रफळ घेऊन लहान गटाच्या पुढे जाऊन बसला. सॉफ्टवेअरने तक्रार केली?

बाई : जिओजेब्राने केली नाही, कारण उंची मीच दिली होती. मूळ आकडे दिले असते तर वारंवारता हवी की घनता, हे त्याने विचारले असते. आर तर याबाबतीत जास्त कडक आहे. असमान वर्ग दिले की ते आपण होऊन घनता काढते, आणि तुम्ही वारंवारतेच्या उंचीवरच अडून बसलात तर क्षेत्रफळे चुकीची आहेत असा इशारा देते. आलेखवहीने आजवर कोणाला असा इशारा दिल्याचे ऐकिवात नाही. आता उंचीला वर्गाच्या रुंदीने भागा : ६८.५, १७.६, ४.७५ आणि सुमारे ०.६३. हा आलेख बघा, कसा झपकन खाली येतो.

सर : आणि हेच तुमच्या मुलांनी एक्सेलच्या किंवा लिब्रेऑफिस कॅल्कच्या रेषालेखात काढले तर? वर्गमध्य येतात ०.५, १.५, ३ आणि ७. रेषालेख त्यांना संख्या मानतच नाही, नुसती लेबले मानतो आणि चारही समान अंतरावर मांडतो. तीन ते सात हे अंतर त्याच्या लेखी अर्धा ते दीड या अंतराएवढेच.

बाई : त्यासाठी विखुरलेल्या बिंदूंचा आलेख निवडायचा, ज्याला एक्स-वाय म्हणतात. तिथे आडवा अक्ष खरोखरचा अक्ष असतो.

सर : आणि तिथेच शेजारी रेषा गोलाईदार करण्याचा पर्याय असतो. मुलांना तो फार आवडतो. तीव्र उतारानंतर ती गोल रेषा शून्याच्या खाली डोकावू शकते. उणे शेतकरी!

हा चिमटा योग्य असला तरी गोल रेषेच्या मुद्द्यावर रेंगाळायचे कारण नाही. बहुभुजाच्या भुजा सरळ असतात एवढे सांगून पुढे जाता येते. घनतेचा मुद्दा मात्र थांबून पाहण्याजोगा आहे, कारण तो वर्गमध्यापर्यंत पोहोचतो. सर सुरुवातीला म्हणाले की २५ वर बिंदू मांडताना आपण काहीतरी गृहीत धरतो. काय गृहीत धरतो? वर्गातली माणसे मध्याच्या दोन्ही बाजूंना सारखी पसरली आहेत. कृषी गणनेत हे गृहीतक तपासता येते, कारण तिथे प्रत्येक गटाची सरासरी धारणाही दिलेली असते. सीमांत गटाचा वर्गमध्य ०.५ हेक्टर, प्रत्यक्ष सरासरी ०.३८. मध्यम गटाचा वर्गमध्य ७. प्रत्यक्ष सरासरी सुमारे ५.७. दोन्हीकडे माणसे वर्गाच्या खालच्या टोकाशी दाटली आहेत आणि बिंदू मात्र आपण मधोमध मांडला. याचा एकत्रित परिणाम लहान नाही. चार गटांचे वर्गमध्य आणि मोठ्या गटाची खरी सरासरी, सुमारे १७ हेक्टर, घेऊन मध्य काढला तर तो सुमारे १.२६ हेक्टर येतो. देशाची प्रत्यक्ष सरासरी धारणा १.०८ हेक्टर होती. सतरा टक्क्यांच्या आसपासची ही वाढ कागदावर काढा की पडद्यावर, तशीच राहते. ती आलेखाच्या हत्यारातून आलेली नाही. उतरत्या वितरणाला रुंद वर्गांत कोंबल्यामुळे आली आहे.

सर : म्हणजे या आकड्यांवरूनच सिद्ध झाले की वर्ग कसे पाडायचे हे आधी शिकवले पाहिजे. आणि ते शिकवायला सॉफ्टवेअरची काय गरज?

बाई : गरज तिथेच सर्वांत जास्त आहे, सर. वर्गाची रुंदी बदलली की आलेख कसा बदलतो हे कळायला एकाच सामग्रीचे डझनभर बहुभुज बघावे लागतात. आलेखवहीत तुम्ही किती काढून घ्याल? दोन. तिसऱ्याला मुले घरी जातील. जिओजेब्रात रुंदीला एक स्लायडर जोडायचा आणि तो सरकवायचा. रुंदी पाचची असताना आलेखाला तीन शिखरे दिसतात, दहाची केली की दोन उरतात, वीसची केली की एकच टेकडी. तीनांपैकी कोणते शिखर खरे, कोणते नुसते वर्गांच्या कडांमुळे उगवलेले? एखादे शिखर सगळ्या रुंदींना टिकून राहते, एखादे जरा सीमा हलवली की नाहीसे होते. हर्बर्ट स्टर्जेस यांनी १९२६ मध्ये वर्ग किती असावेत याचे सूत्र दिले आणि आजही अनेक सॉफ्टवेअर न विचारता तेच वापरतात. ते सूत्र शंभर आकड्यांना सुमारे आठ वर्ग सुचवते. वाईट नाही. पण आठ का, हे मुलाला सूत्रातून कळणार नाही. स्लायडर हलवताना कळेल.

या ठिकाणी मी बाईंच्या बाजूला जाऊन बसतो. हाताने काढलेला एक बहुभुज पाहून मूल समजते की सामग्रीचा आकार हाच. सॉफ्टवेअरवर वीस बहुभुज पाहिले की समजते की आकार हा सामग्री आणि आपला निर्णय या दोघांचा आहे. ही समज कागदातून येऊ शकत नाही असे नाही. पण तासिकेच्या वेळात ती येत नाही हे खरे. बाईंचा दुसरा मुद्दा त्यांनी मांडला नाही, म्हणून मी मांडतो. बहुभुजाचा खरा उपयोग तुलनेसाठी आहे. दोन आयतालेख एकावर एक ठेवले तर एकमेकांना झाकतात. दोन बहुभुज ठेवले तर दोन रेषा नीट दिसतात. तरीही आपल्या सरावसंचांत बहुभुज एकटाच काढायला सांगतात, आणि मग विद्यार्थ्याला प्रश्न पडतो की आयतालेख असताना हा कशाला. तुलना करायची तर वारंवारता सापेक्ष हवी. २०१०-११ मध्ये देशात सुमारे १३.८ कोटी धारणा होत्या, २०१५-१६ मध्ये सुमारे १४.६ कोटी. सीमांत धारणा संख्येने सुमारे ९.३ कोटींवरून १० कोटींवर गेल्या, म्हणजे उडी मोठी दिसते. वाट्याने मात्र ६७.१ वरून ६८.५ टक्क्यांवर. कोणती रेषा काढायची हे प्रश्नावर अवलंबून आहे, आणि सॉफ्टवेअरला प्रश्न माहीत नसतो.

सर : परीक्षा कागदावर आहे, हे तरी तुम्ही विसरत नाही ना?

बाई : नाही. दोन बहुभुज वहीत काढून घेईन, प्रमाण आणि अक्षसंकोच चिन्हासकट. त्याच्यापुढे वहीतला वेळ वाचवून इकडे आणेन. मात्र तुमचे एक ऐकते. कच्चे आकडे टाकून थेट आलेख काढू देणार नाही. आधी सारणी हाताने, सीमेचा नियम लिहून, मग आज्ञा.

सर : मग मीही एक सोडतो. रेषा कोणी काढली यावर गुण देणार नाही. पण तुमचा तो मोठा गट, १० हेक्टर व त्याहून अधिक, अजून बाजूलाच पडून आहे. त्याची वरची सीमा काय टाइप करणार?

बाई : सरासरी सुमारे १७ आहे. तोच मध्य मानला तर वरची सीमा २४. घनता ०.६ भागिले १४, सुमारे ०.०४.

सर : देशात २४ हेक्टरच्या वर कोणाकडेच जमीन नाही असे तुम्ही आत्ता लिहून टाकलेत. आणि डावीकडे? पहिल्या वर्गाआधीचा काल्पनिक वर्ग उणे १ ते ०, मध्य उणे ०.५. राष्ट्रीय पाठ्यपुस्तकात ० ते १० गुणांच्या वर्गाआधी उणे १० ते ० हा वर्ग घेऊन असेच करतात, क्षेत्रफळ जुळावे म्हणून. पण इथे वर्ग असमान आहेत, कोपऱ्यांचे त्रिकोण सारखे पडत नाहीत, क्षेत्रफळ घनता घेऊनही जुळणार नाही. मग उणे अर्धा हेक्टर जमीन कशासाठी दाखवायची?

बाई : दाखवू नये. या पाच गटांवर बहुभुज काढूच नये. घनतेचा आयतालेख काढावा आणि शेवटचा गट शब्दांत सांगावा. बहुभुजच हवा असेल तर गणनेचे बारीक गट घ्यावे लागतील. त्यात अर्ध्या हेक्टरखालचा एक, अर्धा ते एकचा एक, आणि पुढे पाचपर्यंत एकेक हेक्टरचे गट असतात. पहिले दोन एकत्र केले की ० ते ५ पर्यंत पाच समान वर्ग मिळतात. मुलांना तेवढाच काढायला सांगू.

सर : आणि उजवे टोक?

बाई : ४.५ वर सोडून द्यायचे. अक्षावर टेकवायचे नाही, कारण पाच हेक्टरच्या पुढेही शेतकरी आहेत. जिओजेब्राच्या तयार आज्ञेने टोक खाली आणले, तर ती आज्ञा वापरायची नाही. पाच बिंदू स्वतः टाकायचे आणि चार रेषाखंडांनी जोडायचे.

सर : म्हणजे शेवटी हातानेच.

बाई : पडद्यावर, पण हातानेच म्हणा हवे तर.